उद्यमनगरातला न दिसणारा उजेड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की मिरवणुकीतल्या लेझरबद्दल आपल्या पेपरात पत्रं येतात. २०२३ च्या उत्सवात कोल्हापुरात डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून बंदीची मागणी जोर धरते आहे. ती रास्तच आहे. पण मिरवणुकीतला लेझर वर्षातले चार दिवस रस्त्यावर असतो. आमच्या उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या छोट्या वर्कशॉपच्या वसाहतीत, तो वर्षभर, सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत चालू असतो, आणि मिरवणुकीतल्यापेक्षा कितीतरी पट ताकदीचा असतो. त्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे. स्टेनलेस स्टीलची रेलिंग, हॉटेलच्या किचनची टेबलं, सिंक, थोडं डेअरीचं पाइपिंग. माझ्यासकट आम्ही सातजण. दोन वर्षांपूर्वी साडेचार लाखांना हातात धरून चालवायचं फायबर लेझर वेल्डिंग मशिन घेतलं, १५०० वॅटचं. मशिन वाईट नाही, हे आधीच सांगतो. टिग या जुन्या पद्धतीच्या वेल्डिंगला जे काम दिवसभर पुरायचं ते जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळं होतं. पातळ पत्रा वाकत नाही, बफिंग जवळजवळ वाचतं. त्या मशिननं माझ्या दोन ऑर्डरी वाचवल्या. पण त्याच मशिननं माझ्याकडच्या एका पोराची एका डोळ्याची नजर नेली, आणि तेव्हा गन माझ्याच हातात होती.

पोरगा एकवीस वर्षांचा. करवीर तालुक्यातल्या गावातनं केएमटीच्या बसनं यायचा. पहाटे उठून पळायचा, पोलीस भरतीची तयारी चालली होती. दिवसा माझ्याकडं ग्राइंडरवर. त्या दिवशी मी आरशासारख्या पॉलिशच्या दोन इंची पाइपाला बेंड जोडत होतो. तो माझ्यापासून पंधरा-सोळा फुटांवर दुसऱ्या टेबलावर होता. सांधा संपला, मी गन उचलली, पण ट्रिगरवरचं बोट अर्धा क्षण उशिरा निघालं. एवढंच झालं. आवाज नाही, ठिणगी नाही, कुणी ओरडलं नाही. त्यानं डोळा चोळला आणि परत कामाला लागला.

तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "मालक, मोबाईल वाचताना मधली अक्षरं जाताहेत बघा." मला वाटलं, ग्राइंडिंगचा कण गेला असेल. आमच्याकडं डोळ्याची तक्रार म्हटली की एक तर कण, नाहीतर आर्क, म्हणजे वेल्डिंगचा लखलखाट, लागलेला. दोन्ही ओळखीचे. आर्क लागला की रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, घरची माणसं बटाट्याच्या चकत्या ठेवतात, दुधाचे थेंब सोडतात, आणि दोन दिवसांत माणूस परत कामावर उभा राहतो. मी स्वतः उमेदवारीत चार-पाच वेळा ते भोगलंय. मी त्याला म्हटलं, आराम कर, उतरेल. माझ्या या बोलण्यानं आणखी दोन दिवस गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन काढला आणि मला स्क्रीनवर दाखवला. पडद्याच्या बरोबर मधोमध, जिथं नजर सगळ्यात तीक्ष्ण असते, तिथं भाजल्याचा ठिपका. ते म्हणाले, औषधानं सूज उतरेल, पण जळालेला भाग परत येणार नाही. दुखलं कसं नाही, असं मी विचारलं. डोळ्याच्या पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते, असं त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षं वेल्डिंग करून ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. आज तो उजवा डोळा झाकून समोर बघतो तेव्हा माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत काय होणार हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचलं, विचारलं, आणि लक्षात आलं की आम्हा वेल्डरांची सगळी शिकवण या मशिनपुढं उलटी पडते. उजेड जेवढा लखलखीत तेवढा धोका मोठा, हे आम्हाला लहानपणी कळतं. आर्ककडं बघू नकोस, हे वर्कशॉपमध्ये चहा आणून देणाऱ्या पोरालाही माहीत असतं. फायबर लेझरच्या किरणाची तरंगलांबी, म्हणजे उजेडाचा रंग ठरवणारं माप, साधारण १०७० नॅनोमीटर असते आणि माणसाला दिसतं ते ढोबळमानानं ४०० ते ७०० पर्यंत. म्हणजे तो दिसतच नाही. पण डोळ्याचं भिंग १४०० पर्यंतचा प्रकाश आत पडद्यावर गोळा करतं, दिसो वा न दिसो. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो, तेच काम डोळ्यातलं भिंग करतं, आणि बाहुलीवर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता पडद्यावर एक लाख पटीपर्यंत वाढते. दिसणारा झगमगाट असेल तर पापणी पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्याला ती मिटतच नाही. वेल्डिंग चालू असताना जो निळसर-पांढरा उजेड दिसतो तो वितळणाऱ्या धातूचा, आणि तो आर्कपेक्षा सौम्य असतो. म्हणून पोरं उघड्या डोळ्यांनी बघत उभी राहतात. गनमधनं जो लाल ठिपका पडतो त्यालाच सगळे लेझर समजतात. तो नुसता नेम धरायला दिलेला असतो. खरा किरण त्याच वाटेनं जातो आणि कुणालाच दिसत नाही.

ताकदीचा हिशोब सांगतो. आंतरराष्ट्रीय मानकात लेझरचे वर्ग पाडलेत. शेवटचा आणि सगळ्यात धोक्याचा तो वर्ग ४, आणि तो अर्ध्या वॅटच्या वर सुरू होतो. या वर्गात सरळ किरणच नव्हे, भिंतीवर, पत्र्यावर पडून विखुरलेला उजेडसुद्धा डोळ्याला इजा करू शकतो, कातडी भाजू शकते, कापडाला आग लागू शकते. माझं मशिन अर्ध्या वॅटच्या तीन हजार पट. तसली मशिन्स आमच्या एकट्या गल्लीत मी चार मोजली.

आता चूक कुठं कुठं झाली ते सांगतो, कारण तीच चूक बाकीच्या मशिनवरही मी डोळ्यांनी बघितली आहे. या मशिनला एक क्लिप असते. ती जॉबला, म्हणजे जोडायच्या वस्तूला, लावायची. नोझल जॉबला टेकलं तरच सर्किट पूर्ण होतं आणि लेझर सुटतो, गन उचलली की आपोआप बंद. मशिन बसवायला आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी ती क्लिप नोझललाच अडकवून दाखवली. म्हणाला, सारखं ट्रिप होऊन बंद पडतं, टॅक म्हणजे तात्पुरता टाका मारताना त्रास होतो, असं ठेवा. मी तसंच ठेवलं. क्लिप जागेवर असती तर त्या दिवशी गन उचलताक्षणी किरण तुटला असता आणि पोराचा डोळा शाबूत राहिला असता. मशिनच्या पाठीमागं दोन टर्मिनल असतात, दाराला स्विच बसवून त्याची वायर तिथं जोडायची, म्हणजे दार उघडलं की लेझर बंद. माझ्या मशिनला तिथं वायरचा तुकडा लावून दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडूनच दिले होते. मला ते दोन वर्षं माहीतच नव्हतं. किल्लीचं कुलूप होतं, पण किल्ली कायम मशिनलाच. शेजारचा कुणीही येऊन दोन टाके मारून जायचा, आणि मला त्यात शेजारधर्म वाटायचा.

राहिला चष्मा. मशिनबरोबर एक हिरवा चष्मा आला होता. एकच. चालवणाऱ्यानं घालायचा, बाकीच्यांचं काय, हा प्रश्न मी विचारला नाही. त्या चष्म्याच्या काचेवर काहीही कोरलेलं नव्हतं, फक्त खोक्यावर स्टिकर. खऱ्या लेझर चष्म्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कुठल्या तरंगलांबीसाठी, आणि तो किती अडवतो. त्याला ओडी म्हणतात. ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक भाग आत येतो, ओडी ७ म्हणजे कोटीतला एक. तरंगलांबी जुळली नाही तर ओडीचा आकडा कितीही मोठा असो, उपयोग शून्य. वेल्डिंगची काळी काच लावली की झालं, असं आमच्यातले जुने मिस्त्री अजून म्हणतात. ती काच आर्कसाठी तपासलेली असते, लेझरचा सरळ फटका सोसायला नव्हे. आता मी जे चष्मे घेतले ते एकेक सतरा हजारांना पडले. आधी आकडा ऐकून मी दचकलो असतो. आज साडेचार लाखांच्या मशिनपुढं तो आकडा सांगताना मला लाज वाटते.

आमच्या मागच्या बाजूला एकजण अॅक्रिलिकची अक्षरं कापतो. त्याचं कार्बन डायऑक्साइड लेझर मशिन. हा लेझर १९६४ साली अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये ज्यांनी शोधला ते कुमार पटेल जन्मले आपल्या बारामतीत आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या कॉलेजात, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. त्या लेझरची तरंगलांबी १०६०० नॅनोमीटर. तो डोळ्याच्या आत जात नाही, बाहेरचा पारदर्शक पडदा भाजतो. त्याला साधं अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटही अडवतं, म्हणून त्याचा चष्मा पांढरा, स्वस्त. अपघातानंतर त्यानं मला आपुलकीनं तसला चष्मा आणून दिला. मी तो घालून काम केलं असतं तर? माझ्या मशिनचा किरण त्यातनं सरळ आरपार जातो. एकानं तर फायबर मशिनभोवती केबिन करून तिला बघायला अॅक्रिलिकची खिडकी बसवली आहे. मी जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, खिडकी अजून तशीच आहे.

आणि हे फक्त वेल्डिंगपुरतं नाही. गुजरीत आणि हुपरीत दागिन्यांवर खुणा करायला, सांधे जोडायला लेझर आलाय. चांदी या किरणाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते, चकचकीत असेल तर आरशासारखी. जिथं चांदीचाच धंदा, तिथं हा किरण किती दिशांना उडत असेल याचा विचार मनातनं जात नाही. मोबाईलच्या कव्हरवर, किचेनवर नाव कोरून देणारी छोटी मशिन तर दुकानाच्या काउंटरवर, जत्रेत उघडी मांडलेली असतात. वीस वॅटचं असलं तरी ते वर्ग ४ मध्येच बसतं. भोवती पोरं टेबलाला नाक लावून बघतात, आपलं नाव उमटताना बघायची हौस असते. त्या मशिनला झाकणाचं मॉडेल मिळतं. पूर्ण बंद झाकण असलेलं मशिन वापरणाऱ्याच्या दृष्टीनं वर्ग १ म्हणजे निर्धोक होऊ शकतं. उघडं स्वस्त पडतं, म्हणून उघडं घेतलं जातं. धुराचंही एक वाक्य सांगून टाकतो: गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा, रंगाचा, रेक्झिनचा धूर ओढून घेणारी सोय नसेल तर तो छातीत जातो, आणि पीव्हीसी कापलं तर त्यातनं आम्लाचा वायू निघतो. ते कापूच नये.

शिरोलीत माझा एक मित्र फाउंड्रीत आहे. तिथं कास्टिंगची रेडिओग्राफी, म्हणजे आतला दोष बघायला किरणांनी फोटो काढायचं काम, असली की काय होतं, ते मी बघितलंय. रात्री काम, दोरी बांधलेली, लाल दिवा, फलक, माणसांच्या छातीला किरण मोजायचे बिल्ले, आणि त्या कामाची जबाबदारी असलेला, परीक्षा पास झालेला रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असल्याशिवाय किरणांचा स्रोत हलत नाही. फाउंड्रीतल्या साध्या हेल्परलासुद्धा ठाऊक असतं की आज त्या बाजूला जायचं नाही. लेझर त्या जातीचा किरण नाही, म्हणून तो त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही, हे मला समजतं. पण डोळ्याला जात समजत नाही. ज्या गावातल्या फाउंड्रीवाल्यांना एक न दिसणारा किरण शिस्तीत वापरता येतो, त्या गावाला दुसराही येईल, एवढंच मला म्हणायचंय. परदेशात लेझर वापरणाऱ्या कारखान्यांत लेझर सेफ्टी ऑफिसर नेमतात. आपल्याकडं मोठ्या कंपन्यांत, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत बंद केबिनची कटिंग मशिन आहेत, त्यांचे सेफ्टी ऑफिसर आहेत. त्यांची मला काळजी नाही. काळजी आमची आहे.

कारण कायदा आमच्या दारात येऊन थांबतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३५ खास डोळ्यांसाठी होतं. उडणारे कण आणि डोळ्याला झेपणार नाही इतका उजेड, दोन्हीसाठी पडदे किंवा चष्मे देण्याची सक्ती त्याखाली करता येत होती. यंत्र बनवणारा, आयात करणारा, विकणारा यांच्यावर ते सुरक्षित असल्याची आणि नीट माहिती देण्याची जबाबदारी कलम ७ ब नं टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनं घेतली. तिच्यातही यंत्र पुरवणाऱ्यांची कर्तव्यं कलम ८ मध्ये आहेत, कामगारांच्या वार्षिक तपासणीची तरतूद आहे. पण मूळ कायद्यात विजेवर चालणारा कारखाना ठरायला दहा कामगार लागायचे, आता वीस. आणि आस्थापना म्हणून संहिता लागू व्हायलाही साधारणपणे दहा माणसं हवीत. आम्ही सातजण. समोरचा चौघांवर चालवतो, पलीकडं बाप-लेक दोघेच. मशिन तेच, १५०० वॅटचं. किरण पडद्यावर पडताना पटावरची माणसं मोजत नाही.

मानक नाही असंही नाही. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १४६२४ आहे, ते आंतरराष्ट्रीय आयईसी ६०८२५ ला धरूनच आहे. दाराचा स्विच (इंटरलॉक), किल्ली, किरण चालू असल्याची खूण, वर्ग सांगणारी पिवळी चिठ्ठी, सगळं त्यात येतं. मला मशिन विकताना त्यातलं एक अक्षर कुणी उच्चारलं नाही. सीईचं, म्हणजे युरोपातल्या नियमांत बसत असल्याचं, स्टिकर दाखवलं. बहुतेक यंत्रांवर ते स्टिकर बनवणाराच स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, हेही नंतर कळलं. अमेरिकेत लेझर असलेली वस्तू बाजारात आणायची तर उत्पादकाला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडं आधी अहवाल द्यावा लागतो. माझ्या मशिनच्या पाठीवरची सूचना चिनी आणि इंग्रजीत होती. माझ्या सातातले पाचजण ती वाचू शकत नाहीत.

म्हणून आपल्या पेपरातनं चार ठिकाणी विनंती पोचावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या इथल्या कार्यालयानं कायद्याच्या बाहेर राहिलेल्या वर्कशॉपमध्ये नोटीस घेऊन नव्हे, माहिती घेऊन यावं. आम्ही दार लावून घेणार नाही. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक, गोशिमा या उद्योजकांच्या संघटनांनी खात्रीचे चष्मे एकत्र खरेदी करून सभासद नसलेल्यांनाही त्याच भावात द्यावेत. शंभर चष्म्यांचा भाव एका चष्म्याचा राहणार नाही. लेझरजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्याच्या पडद्याची एकदा आधी तपासणी होऊन तिची नोंद राहावी. आमच्या पोराची आधीची नोंद नव्हती, त्यामुळं नुकसान कधीचं, यावरच पहिला वाद निघाला. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला शिकवणाऱ्या सरांनी वर्षातला एक दिवस या मशिनला द्यावा, पोरं उद्या तीच चालवणार आहेत. आणि जे विक्रेते मशिन बसवायला येतात त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: तो वायरचा तुकडा काढूनच बाहेर पडा. गिऱ्हाईक कटकट करेल, करू द्या.

मी काय केलं तेही लिहितो. दहा बाय बारा फुटांची केबिन केली, लोखंडी पत्र्याची, आतनं मॅट काळा रंग, वर छतापर्यंत बंद. वेल्डिंगचा लाल प्लॅस्टिक पडदा वापरला नाही, तो यासाठी नाही. दाराला लिमिट स्विच, वायर थेट त्या दोन टर्मिनलला. क्लिप जॉबला. सुरुवातीला ट्रिप होतंच, पण जॉब घासून स्वच्छ केला आणि क्लिप नीट पकडली की होत नाही. गंजामुळं, रंगामुळं व्हायचं ते. आत दोघांच्या वर कुणी नाही, दोघांनाही चष्मा. दारावर मराठीत ठळक पाटी. किल्ली माझ्या खिशात, मी नसलो तर मशिन बंद. चष्म्यांसकट सगळा खर्च पंचाहत्तर हजारांच्या आत बसला.

पोरगा माझ्याकडंच आहे. उपचाराचा खर्च मी केला, पुढंही करीन, पण त्यानं त्याचा डोळा परत येत नाही हे मी आणि त्याची आई दोघंही जाणतो. आता तो खरेदी आणि मापं बघतो. पहाटे पळायला अजून जातो.

कुणाला केबिन बघायची असेल, दाराच्या स्विचची जोडणी समजून घ्यायची असेल, तर कधीही या. मापं आणि वायरिंगचा नकाशा मी कागदावर काढून ठेवलाय, झेरॉक्स तयार आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्याला तो जरूर द्यावा. फक्त पोराची ओळख उघड होऊ नये म्हणून पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर